गच्चीवर कढत, ओट्यापाशी गार

गच्चीवरच्या सौर बंबात पहाटे ६० अंश सेल्सिअसचे पाणी भरलेले असते. तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरात खरकट्या भांड्यांच्या ढिगापुढे उभे राहून कोणी गरम पाण्याचा नळ सोडते. पाणी लगेच येते, पण गार. मिनिट जाते, दुसरे मिनिट जाते, पाणी कोमटसुद्धा होत नाही. शेवटी भांडी गार पाण्यातच घासून होतात, आणि शेवटचे पातेले विसळायच्या वेळी नळातून वाफाळते पाणी यायला लागते. बऱ्याच घरांत मग सिंकवरचा गरम नळ वापरातून जातोच, आणि वर फुकटचे गरम पाणी असताना खाली गॅसवर आधण चढते.

सौर बंब आता अनेक शहरांत घरोघरी दिसतो, काही महापालिकांनी नव्या इमारतींना तो सक्तीचाही केला आहे. तो बसवताना गच्चीवरच्या उन्हाचा विचार होतो, टाकीच्या लिटरांचा होतो, अनुदानाचाही होतो. टाकी ते ओटा या वाटेचा विचार मात्र प्लंबरवर सोडलेला असतो. या वाटेतच नववी-दहावीच्या उष्णतेच्या धड्यातले जवळजवळ सगळे सापडते, म्हणून ती जरा सावकाश चालून पाहू या.

विद्यार्थी हमखास विचारतात असा एक प्रश्न आधी घेऊ. नळ सोडताच पाणी येते, मग गरम पाणी का येत नाही? याचे कारण असे की नळ उघडल्यावर दोन वेगळ्या गोष्टी दोन वेगळ्या वेगांनी प्रवास करतात. 'नळ उघडला' ही दाबातल्या बदलाची बातमी पाण्यातून ध्वनीच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला हजार मीटरहून जास्त वेगाने टाकीपर्यंत पोचते. त्यामुळे पाइपमधले सगळे पाणी जणू एकाच क्षणी हलू लागते. पाणी स्वतः मात्र सेकंदाला जेमतेम अर्ध्या मीटरच्या आसपास सरकत असते. नळातून पहिल्यांदा येते ते नळाच्या अगदी मागे रात्रभर उभे राहून गार झालेले पाणी. एस.टी.च्या रांगेत पुढचा माणूस चढला की सगळी रांग हलते, पण शेवटच्याला दारापर्यंत यायला वेळ लागतोच, तसेच हे.

म्हणजे प्रश्न साधा दिसतो : पाइपमध्ये किती पाणी मावते? ते मोजू. समजा, चार मजली इमारत आहे आणि टाकीपासून तळमजल्याच्या सिंकपर्यंत वळणे धरून २५ मीटर पाइप आहे. पाइप पाऊण इंची, जस्त चढवलेला लोखंडी, म्हणजे ज्याला सगळे जी.आय. म्हणतात तो. त्याचा आतला व्यास साधारण २१.७ मिलिमीटर भरतो. छेदाचे क्षेत्रफळ काढून लांबीने गुणले की मीटरला ०.३७ लिटर पाणी मिळते. २५ मीटरचे झाले सव्वानऊ लिटर. नळ मिनिटाला ६ लिटर सोडत असेल, तर दीड मिनिटात गरम पाणी यायला हवे.

प्रत्यक्षात ते येत नाही. गणित बरोबर आहे, पण त्यात लोखंड धरलेले नाही. पाइपही रात्रभरात गार झालेला आहे. वरून आलेले गरम पाणी वाटेतला पाइप तापवत तापवत पुढे येते, आणि तापवता तापवता स्वतः गार होते. लोखंडाची विशिष्ट उष्माधारकता पाण्याच्या सुमारे नवव्या हिश्शाइतकी, ०.११. म्हणून लोखंड चटकन तापते असे आपण वर्गात सांगतो. पण पाइपचे वजन पाहा : पाऊण इंची मध्यम जाडीच्या पाइपचे वजन मीटरला दीड किलोहून थोडे अधिक असते. १५७० ग्रॅम गुणिले ०.११ म्हणजे १७३. अर्थ असा की हा मीटरभर पाइप एक अंशाने तापवायला १७३ कॅलरी लागतात, म्हणजे १७३ ग्रॅम पाणी तापवायला लागते तेवढीच उष्णता. तेव्हा हिशोबापुरते या पाइपमध्ये मीटरला ०.३७ नव्हे, तर ०.५४ लिटर 'पाणी' आहे असे धरायला हवे. २५ मीटरचे झाले साडेतेरा लिटर, जवळजवळ एक बादली. वाट पाहण्याचा वेळ दीड मिनिटावरून सव्वादोन मिनिटांवर गेला. शिवाय पाणी पाइपमधून ठोकळ्यासारखे सरकत नाही. ते घुसळत येते. त्यामुळे गार आणि गरम यांची सीमा पुसट होते, आधी कोमट, मग ऊन, मग गरम असे पाणी येते. हव्या त्या तापमानाला पोचेपर्यंत आणखी लिटर-दोन लिटर जातात.

एक बादली पाणी म्हणजे काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. दिवसातून चार वेळा, मध्ये काही तासांचे अंतर ठेवून हा नळ वापरला, तर ५४ लिटर पाणी नुसते वाट पाहण्यात जाते. शहरी पाणीपुरवठ्याच्या आखणीत माणशी रोज १३५ लिटर पाणी हा मापदंड धरतात. त्याचा हा चाळीस टक्के भाग झाला. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या सोसायटीत ही गोष्ट किरकोळ नाही.

आणि गेले ते फक्त पाणी नव्हे. भांडी घासून झाली, नळ बंद केला. आता पाइपमध्ये काय आहे? टाकीतून निघालेले, ओट्यापर्यंत आलेले, पण कोणीही न वापरलेले गरम पाणी. ते तिथेच गार होणार. साडेतेरा लिटर गुणिले ३५ अंश, म्हणजे सुमारे ४७० किलोकॅलरी, विजेच्या भाषेत अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त. भांडी विसळायला पाच लिटर गरम पाणी लागले असे धरले, तर कामी आलेली उष्णता १७५ किलोकॅलरी. वाटेत सांडलेली तिच्या पावणेतीन पट! २०० लिटरचा सौर बंब २५ अंशांचे पाणी ६० अंशांवर नेतो तेव्हा त्यात सुमारे ७००० किलोकॅलरी, म्हणजे आठ युनिट उष्णता साठते. रोज चार वेळा ४७० याप्रमाणे त्यातला चौथ्या हिश्शाहून जास्त भाग एका सिंकच्या पाइपमध्ये विरून जातो. उन्हाची उष्णता फुकट म्हणून हे चालून जाते. पण पावसाळ्यात टाकीतली विजेची कॉइल चालू केली की त्या प्रत्येक युनिटाचे बिल येते.

जुन्या तांब्याच्या बंबाला ही अडचण नव्हती. बंब न्हाणीघरात किंवा दाराबाहेरच असे, बादली तोटीखाली. पाइपची लांबी शून्य. गरम पाणी जिथे हवे तिथेच तापवणे ही आजही सर्वांत खात्रीची युक्ती आहे. तिच्याकडे पुन्हा येऊ.

पाइप बारीक केला तर?

पहिला उपाय सुचतो तो हाच. व्यास निम्मा केला की पाइपमधले पाणी चौथा हिस्सा होते. पण इथे एक मेख आहे, आणि ती वरच्या वर्गातल्या मुलांना नक्की दाखवावी. बारीक पाइपमध्ये घर्षण जास्त. नेहमीच्या प्लंबिंगमध्ये पाणी खळाळत वाहते. अशा वेळी तेवढ्याच दाबाला व्यास निम्मा केल्यास प्रवाह निम्मा किंवा चौथा हिस्सा नव्हे, सुमारे सहावा हिस्सा होतो. आता भागाकार करा. काढून टाकायचे पाणी चौथा हिस्सा, ते काढायचा वेग सहावा हिस्सा. म्हणजे वेळ दीडपट लागला! पाणी वाचले, पण भांडी घासणारीला आणखी उभे राहावे लागले. पाण्याची बचत आणि वेळेची बचत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मात्र हे तेव्हाच, जेव्हा प्रवाह पाइप ठरवतो. तळमजल्यावर टाकीची उंची दहा मीटरच्या आसपास असते, दाब भरपूर असतो आणि प्रवाह ठरवणारा असतो तो नळ. तिथे पाइप थोडा बारीक झाला तरी नळातून मिनिटाला ६ लिटर येतच राहते, आणि बारीक पाइपचा सगळा फायदा पदरात पडतो. सर्वांत वरच्या मजल्यावर उलटे. तिथे टाकी डोक्यावर दीड-दोन मीटर, दाब जेमतेम. बारीक पाइप टाकला तर शॉवरची धार होते. प्लंबर मंडळींना लोकांच्या शिव्या खाव्या लागतात त्या कमी धारेबद्दल, उशिरा येणाऱ्या गरम पाण्याबद्दल नव्हे. म्हणून ते वरपासून खालपर्यंत जाड पाइप टाकून मोकळे होतात. वरच्या मजल्याच्या सोयीची किंमत खालचा मजला मोजतो.

नव्या कामात याला चांगले उत्तर आहे. स्वयंपाकघरासाठी टाकीपासून स्वतंत्र, अर्धा इंची सी.पी.व्ही.सी.चा पाइप आणावा. (साधा पी.व्ही.सी. नको, तो गरम पाण्याने मऊ पडतो.) या पाइपचा आतला व्यास सुमारे १२ मिलिमीटर, मीटरला पाणी सव्वाशे मिलिलिटरच्या आतच. वजनही फार कमी, मीटरला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे पाइप तापवण्यात उष्णता फारशी जात नाही. पाइपसकट हिशोब धरला तरी मीटरला सुमारे ०.१४ लिटर. २५ मीटरला साडेतीन लिटर, म्हणजे मिनिटाला ६ लिटरच्या प्रवाहात पस्तीस सेकंद. साडेतेरा लिटर आणि सव्वादोन मिनिटांशी ही तुलना करून पाहा.

वेष्टणाचे खरे काम

पाइपला फोमचे वेष्टण गुंडाळा, पाणी लवकर गरम येईल, असे विक्रेते सांगतात. हे अर्धसत्य आहे. हवेत उघडा असलेला पाऊण इंची पाइप, आत ६० अंशांचे पाणी आणि बाहेर २५ अंशांची हवा असताना, मीटरला साधारण २५ ते ३० वॅट या दराने उष्णता गमावतो. पाणी वाहते असताना हे नगण्य आहे. मिनिटाला ६ लिटरच्या प्रवाहात २५ मीटरच्या सगळ्या वाटेवर तापमान उतरते ते जेमतेम दोन अंश. आणि पहाटेच्या पहिल्या पाण्याला वेष्टणाचा उपयोग जवळजवळ शून्य, कारण रात्रभरात वेष्टणातले पाणीही गार झालेले असते.

वेष्टण कामी येते ते दोन वापरांच्या मधल्या वेळात. उघड्या पाइपमधल्या पाण्याचे आणि हवेचे तापमान यांतला फरक सुमारे अर्ध्या तासात निम्म्यावर येतो. अर्धा इंच जाडीचे वेष्टण असेल तर त्यालाच दीड तास लागतो. सकाळच्या धांदलीत आंघोळी, चहाची भांडी, डबे असे अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतराने पाणी लागते. तेव्हा प्रत्येक वेळी नव्याने बादलीभर पाणी सोडावे लागत नाही, हा वेष्टणाचा फायदा आणि तो चांगलाच आहे. गच्चीवरच्या उघड्या, वाऱ्यातल्या भागाला तर ते हवेच. भिंतीत गाडलेल्या पाइपला मात्र आधीच घालावे लागते. उघडा पाइप विटा आणि गिलाव्याला चिकटून असला तर तो भिंतही तापवत बसतो.

पाणी फिरते ठेवले तर?

मोठ्या हॉटेलांत आणि रुग्णालयांत नळ सोडताच गरम पाणी येते. तिथे गरम पाणी पाइपमध्ये उभे राहत नाही. शेवटच्या नळापासून एक परतीचा पाइप टाकीकडे जातो आणि पंप पाणी सतत फिरवत ठेवतो. थंड देशांतल्या काही जुन्या घरांत तर पंपही नसे. बॉयलर तळघरात, नळ वर. गरम पाणी हलके म्हणून आपोआप चढते, परतीच्या पाइपमधले थोडे गार झालेले, जड पाणी उतरते आणि चक्र चालू राहते. जोर फार नसतो. दहा मीटर उंचीला, चढते पाणी ६० अंश आणि उतरते ५० अंश असेल, तर दाबातला फरक पाण्याच्या पाच सेंटिमीटर उंचीइतकाही नसतो. पण संथ फेरीला तो पुरतो.

आपल्याकडे हे आपोआप घडणार नाही, हे कोडे वर्गात घालण्यासारखे आहे. आपला गरम पाण्याचा साठा वर आहे. हलके पाणी आधीच वर बसलेले, जड पाणी खाली. त्याला हलण्याचे कारणच नाही. सौर बंबात तापपट्टीतले पाणी टाकीत आपोआप चढते ते पट्टी टाकीच्या खाली असते म्हणून. टाकी ते सिंक या वाटेवर हेच तत्त्व उलट काम करते. इथे पंप लागणारच.

पंप लावून पाणी दिवसरात्र फिरवले तर काय होईल? २५ मीटर जाण्याचे, २५ मीटर परतीचे. ५० मीटर उघडा पाइप मीटरला २५ वॅट धरला तरी सव्वा किलोवॅट. चोवीस तासांत ३० युनिट! २०० लिटरच्या बंबाची सगळी कमाई आठ युनिट. वेष्टण घालून तोटा तिसऱ्या हिश्शावर आणला तरी दहा युनिट होतात. सूर्य दिवसभर जेवढे देईल त्याहून जास्त पाइप रात्रंदिवस उधळतील. घरगुती सौर बंबाला सतत फिरते पाणी परवडत नाही, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. फार तर ओट्यापाशी बटण ठेवून, हवे तेव्हाच मिनिटभर पंप चालवावा आणि गरम पाणी पोचताच बंद करावा. यात पाइपमधले गार पाणी गटारात न जाता टाकीकडे परत जाते. पाणी वाचते. उष्णता मात्र पूर्वीइतकीच वाया जाते, कारण शेवटी पाइप गरम पाण्याने भरूनच राहतो.

मोठ्या इमारतींत पाणी फिरते ठेवण्यामागे सोयीखेरीज आरोग्याचे कारणही आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात १९७६ साली माजी सैनिकांच्या मेळाव्याला आलेल्यांमध्ये न्यूमोनियाची साथ उद्भवली. पुढच्या वर्षी तिचा जिवाणू सापडला, त्याचे नाव लिजिओनेला. तो कोमट, साचलेल्या पाण्यात वाढतो. म्हणून ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचनांत गरम पाणी ६० अंशांवर साठवावे आणि नळ सोडल्यापासून मिनिटभरात ५० अंशांचे पाणी यावे, असे सांगितलेले असते. घरच्या टाकीतले पाणीही दिवसेंदिवस नुसते कोमट ठेवू नये, एवढे यातून घ्यावे.

आहे त्या घरात काय करावे

भिंती फोडणे शक्य नसेल, तर सिंकखाली छोटा, तीन लिटरचा तत्काळ तापवणारा गिझर बसवणे हा बंबाच्याच जातीचा उपाय. त्याची शक्ती बहुधा ३ किलोवॅट असते, म्हणजे मिनिटाला ४३ किलोकॅलरी. मिनिटाला २ लिटर पाणी सोडले तर ते २१ अंशांनी तापते : २२ अंशांचे ४३ होते. भांड्यांचा तुपकटपणा जायला एवढे पुरते. पाच लिटरला खर्च युनिटाच्या आठव्या हिश्शाइतका. लांबच्या पाइपमध्ये विरणाऱ्या अर्ध्या युनिटाशी ताडून पाहिले, तर पावसाळ्यात वरची कॉइल चालवण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त. मात्र हा गिझर १३ अँपिअर वीज ओढतो. त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र प्लग आणि चांगली अर्थिंग हवी. मिक्सरच्या प्लगवर तो लावू नये.

खर्च न करता होण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. पहिली, गरम पाणी येईपर्यंत नळ पूर्ण सोडावा आणि खाली बादली लावावी. पाणी वाचवायचे म्हणून नळ बारीक सोडण्याची चांगली सवय इथे उलटी पडते. मिनिटाला २ लिटर सोडले, तर साडेतेरा लिटर यायला पावणेसात मिनिटे लागतात, आणि वाटेत पाणी दोन नव्हे, पाच अंशांनी उतरते. बादलीतले पाणी फरशीला, झाडांना, मोरीला. दुसरी गोष्ट एका दांडीच्या नव्या नळांबद्दल. ती दांडी बहुतेक घरांत मधोमध असते. हात धुवायला दहा सेकंद नळ सोडला की प्रत्येक वेळी टाकीतून थोडे गरम पाणी पाइपमध्ये उतरते, ओट्यापर्यंत पोचत नाही आणि वाटेतच गार होते. हात गार पाण्यानेच धुतले गेले, आणि टाकी मात्र रिकामी होत राहिली. दांडी गार बाजूला ठेवण्याची सवय लावावी.

अशा मिश्र नळांची आणखी एक खोड : गार पाणी पंपाच्या दाबाने आणि गरम पाणी नुसत्या उंचीने येत असेल, तर गार पाणी नळातूनच गरम पाइपमध्ये उलटे घुसते. अशा घरात कितीही वेळ थांबले तरी गरम पाणी येत नाही. दोन्ही पाणी साधारण एकाच उंचीच्या टाक्यांतून घ्यावे, किंवा गरम पाइपवर पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह बसवावा.

वर्गासाठी

हा प्रयोग मुले घरी करू शकतात. एक लिटरचे माप, सेकंदकाटा असलेले घड्याळ आणि प्रयोगशाळेतला ११० अंशांपर्यंतचा तापमापक हवा. ताप पाहायचा तापमापक फुटेल. नळ रात्रभर न वापरता सकाळी पूर्ण सोडावा. प्रत्येक लिटरचे तापमान टिपावे, माप भरायला लागलेला वेळही. ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत भाजते, आणि मे महिन्यात टाकीतले पाणी त्याहूनही तापलेले असू शकते, म्हणून माप हातात न धरता सिंकमध्ये ठेवावे आणि मोठ्या माणसाने जवळ थांबावे. पाणी अर्थातच बादलीत जमवावे.

आडव्या अक्षावर लिटर, उभ्या अक्षावर तापमान घेऊन आलेख काढला की तो आधी सपाट, मग चढता, मग पुन्हा सपाट दिसेल. गार आणि गरम या दोन पातळ्यांच्या बरोबर मधले तापमान कितव्या लिटरला आले ते पाहा. टाकी ते नळ हे अंतर टेपने किंवा मजल्यांच्या उंचीवरून काढा, आणि लिटरांच्या आकड्याला मीटरांनी भागा. उत्तर ०.५४ च्या जवळ आले तर आत पाऊण इंची लोखंडी पाइप आहे, ०.३३ आले तर अर्धा इंची लोखंडी, ०.१४ आले तर अर्धा इंची सी.पी.व्ही.सी. भिंतीत गाडलेला पाइप कसला आहे, हे भिंत न फोडता कळते. आकडा तिन्हींच्या मधेच कुठे तरी आला, तर वाटेत पाइप बदललेला असण्याची शक्यता मोठी. गच्चीवर जाड, आत बारीक असे जोडकाम सर्रास असते. मग इमारतीच्या जुन्या रहिवाशांना किंवा प्लंबरला विचारून ताडून पाहावे.